मिठूचा पाढा : ‘मीना’ या उपेक्षित विनोदी कार्टूनमालिकेतील काही भाग

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्यांना ‘मीना-राजू मंच’ हे नाव अपरिचित नसते. मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणात होणारा भेद नाहीसा व्हावा या हेतूने उच्च प्राथमिक वर्गांतील मुलामुलींचे जे गट ठिकठिकाणी स्थापन करण्यात आले, त्यांना हे नाव देण्यात आले. परंतु ज्या मीनाच्या नावाने हे मंच चालत आले, ती मूळची एका कार्टूनमालिकेची नायिका होय, आणि ती मालिका चांगल्यापैकी विनोदी आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात राहिली आहे. मीनाचे नाव फलकावर राहिले. तिचा पोपट काय बोलत असे, हे विस्मृतीत गेले. भाषेच्या अभ्यासकाने ज्याकडे प्रथम लक्ष द्यावे असा या मालिकेतील घटक म्हणजे हा पोपटच आहे. म्हणून मालिकेतील कोणते भाग पाहावेत आणि ते कशासाठी पाहावेत, याचा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

मालिकेचा जन्म १९९०च्या दशकाच्या आरंभीचा. दक्षिण आशियातील राष्ट्रांच्या सार्क या संघटनेने १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे दशक म्हणून घोषित केले होते. त्याच सुमारास युनिसेफ या संस्थेने बांगला देश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या चार देशांत एकाच वेळी चालेल अशी एक बालनायिका निर्माण करण्याचे ठरविले. तिला रूप दिले ते मुंबईचे राम मोहन यांनी. भारतीय ॲनिमेशनच्या इतिहासात राम मोहन (१९३१–२०१९) यांचे स्थान मोठे आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून विभागात ते १९५६ साली दाखल झाले. डिस्नेच्या चित्रशाळेतून आलेले क्लेअर वीक्स हे त्या वेळी तेथे शिकवीत होते. १९७८ सालच्या ‘पती, पत्नी और वो’ या बोलपटातील ॲनिमेशनही राम मोहन यांचेच. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मीनाच्या पहिल्या काही भागांचे काम मनिला येथील हॅना-बार्बेरा संस्थेच्या चित्रशाळेत झाले, आणि पुढचे मुंबईत राम मोहन यांच्याकडे. म्हणजे ‘टॉम आणि जेरी’ ज्या मंडळींनी निर्माण केले, त्यांच्याच संस्थेच्या एका शाखेत आपल्याकडची ही खेडवळ पोर प्रथम चालू-बोलू लागली. मालिकेत पात्रांच्या हालचालींची जी लय आढळते, तिचे एक मूळ येथे असावे.

चार देशांत चालावयाची मुलगी म्हटल्यावर तिचे नाव काय ठेवावे हा प्रश्न साधा नव्हता. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांत, आणि बंगाली, हिंदी, नेपाळी व उर्दू या चारही भाषांत, परके न वाटणारे नाव हवे होते. ‘मीना’ हे ते नाव. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या निवडीचे कौतुक वाटावे. संस्कृताकडून आलेल्या माणसाला त्यात ‘मीन’ म्हणजे मासा दिसतो, तर फारसीकडून आलेल्याला निळसर काच किंवा दागिन्यांवरील मिनाकारी आठवते. दोन भिन्न कुळींचे शब्द उच्चारात एकत्र आले आणि त्यातून दोन धर्मांना सामाईक असे एक नाव तयार झाले. पण गोष्ट येथे संपत नाही. संस्कृतातील ‘मीन’ हा शब्द स्वतःच द्राविडी भाषांतून आला असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तमिळमध्ये ‘मीन्’ म्हणजे मासा आणि गोंडीतही ‘मीन’ म्हणजे मासाच. तेव्हा मारेगावच्या एखाद्या गोंड मुलाने हे नाव ऐकून हसू दाबले, तर त्याला शिक्षकांनी दटावू नये. त्याच्या दृष्टीने ती मुलगी पाण्यातून नुकतीच बाहेर आलेली आहे.

मालिकेची उपेक्षा का झाली, याचे उत्तर तिच्या जन्मकथेतच आहे. एखादी कलाकृती सत्कार्यासाठी निर्माण झाली आहे असे कळले की रसिक तिच्याकडे पाठ फिरवितो आणि अधिकारी तिला फायलीत घालतो. बांगला देशात ती दूरदर्शनवरून इतक्या वेळा दाखविली गेली की तेथील एक अख्खी पिढी मीना आणि मिठू यांच्या संगतीत वाढली. आपल्याकडे मात्र ती प्रचारपट म्हणूनच ओळखली गेली. पुढे २००८ साली ‘छोटा भीम’ आणि २०१२ साली ‘मोटू पतलू’ आले, आणि मुलांच्या वाहिन्यांवर गर्दी झाली. त्या गर्दीत शेण सारविलेल्या अंगणातील एका मुलीला जागा मिळणे कठीणच होते. उपदेश या मालिकेत आहे हे नाकारता येणार नाही. काही भागांत तो विनोदावर मातही करतो. पण जेथे लेखक व चित्रकार यांनी विनोदावर विश्वास टाकला, तेथे उपदेश वेगळा सांगावाच लागलेला नाही. असे भाग मोजके आहेत, आणि शिफारस करावयाची ती त्यांचीच.

आता मारेगावविषयी. हा तालुका वणी, झरी-जामणी, केळापूर आणि राळेगाव या तालुक्यांच्या मध्ये वसलेला आहे. कापसाचा आणि तुरीचा हा मुलूख. गावांतून बोलली जाणारी मराठी वऱ्हाडीच्या घरातली: ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’, मुलगा तो ‘पोट्टा’ आणि मुलगी ती ‘पोट्टी’. गावापासून थोडे दूर कोलामांच्या वस्त्या असतात. त्यांना पोड म्हणतात. तेथील घरांत कोलामी चालते आणि आसपासच्या गोंड वस्त्यांत गोंडी. या दोन्ही द्राविडी भाषा होत. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. २०११च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या साऱ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास होती. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कोलामीची नोंद आहे, आणि एम्. बी. एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले तिचे व्याकरण हा द्राविडी अभ्यासातील एक मानदंड समजला जातो. इतके असूनही पोडातून निघून सहाव्या वर्षी शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलाला त्या व्याकरणाचा उपयोग नाही. त्याच्या कानांवर प्रथम पडते ती शिक्षकांची मराठी, आणि पुस्तकात दिसते ती आणखी निराळी मराठी.

ही परिस्थिती मनात ठेवून मालिकेचा पहिला भाग पाहावा. ‘काउंट युअर चिकन्स’ हे त्याचे इंग्रजी नाव. मराठीत त्याला ‘कोंबड्या मोज’ म्हणता येईल. कथा अगदी साधी आहे. राजू शाळेत जातो, मीनाला जावयाचे आहे, पण मुलीला शाळा कशाला, असे घरचे मत. मीना रडत बसत नाही. ती आपल्या मिठूला शाळेत पाठविते. मिठू खिडकीशी बसून पाठ ऐकतो, घरी येऊन तो घडाघडा म्हणून दाखवितो, आणि मीना त्याच्याकडून शिकते. शिकलेल्या आकड्यांनी ती अंगणातील कोंबड्या मोजते. मोजताना एक कमी भरते. तेथून चोराचा सुगावा लागतो, आरडाओरडा होतो, सारे गाव धावते, चोर सापडतो आणि वडिलांचे मन वळते.

वरवर पाहता ही नीतिकथा आहे. पण तिच्या केंद्रस्थानी जी विनोदी कल्पना आहे, ती भाषेविषयीची आहे. पोपट भाषेचे ध्वनी जसेच्या तसे उचलतो. अर्थाशी त्याचे देणेघेणे नसते. मराठीत अर्थावाचून केलेल्या पाठांतराला ‘पोपटपंची’ म्हणतात, आणि हा शब्द विद्यार्थ्यांच्या निंदेसाठीच वापरला जातो. मालिकेच्या लेखकांनी या निंदेलाच उलटे केले. येथे पोपटपंची हे ज्ञानाचे वाहन ठरते. मिठू पाठ आणतो आणि मीना त्यात अर्थ भरते. मिठूच्या तोंडी असताना जे नुसते ध्वनी होते, ते अंगणात आल्यावर संख्या होतात, कारण समोर मोजण्यासाठी कोंबड्या असतात. संकेत आणि संकेतित यांची भेट होण्याचा तो क्षण आहे. वर्गात दोन तास खर्चूनही जे समजावणे जड जाते, ते येथे काही मिनिटांत प्रेक्षकाला हसवीत हसवीत समजावले जाते.

फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ यांनी १९०० सालच्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सजीवावर यांत्रिकतेचे पुट चढलेले दिसले म्हणजे हसू येते. मिठूचा विनोद बहुतांशी या जातीचा आहे. तो भलत्या वेळी भलते वाक्य बोलतो, आणि वाक्य बिनचूक असल्यामुळेच ते हास्यास्पद ठरते. पण हा सिद्धान्त मिठूला पुरा पडत नाही. मधूनमधून या पक्ष्याचे भलते बोलणे इतके नेमके लागू पडते की, याला सारे समजते की काय, अशी शंका प्रेक्षकाला येते. ही शंका मालिका कधीच मिटवीत नाही. यांत्रिकता आणि सजीवता यांच्या सीमेवर मिठूला तिने बसवून ठेवले आहे. पोपटाला नुसता विदूषक करणे सोपे होते, तसेच त्याला बोलका शहाणा करणेही सोपे होते. ते दोन्ही टाळले गेले, यात लेखकांची जाण दिसते.

शहाण्या पोपटांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चे कथन एका पोपटाच्या मुखातून होते, आणि त्या ग्रंथाच्या नावानेच मराठीने एक अख्खा वाङ्मयप्रकार ओळखला. ‘शुकसप्तती’तील पोपट तर अधिकच जवळचा. तिचे जुने मराठी भाषांतर ‘शुकबहात्तरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील पोपट पतीच्या गैरहजेरीत रोज रात्री एक गोष्ट सांगून पत्नीला घराबाहेर पडू देत नाही. सत्तर रात्री स्त्रीला उंबऱ्याच्या आत ठेवण्यासाठी बोलणारा तो पक्षी आणि मुलीला उंबऱ्याबाहेर काढण्यासाठी शाळेत जाऊन येणारा हा पक्षी यांच्यात शेकडो वर्षांचे अंतर आहे. मालिकेच्या कर्त्यांच्या मनात ही तुलना होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. जो विद्यार्थी दोन्ही वाचील आणि पाहील, त्याला ती टाळता येणार नाही.

हा भाग मराठीत आणावयाचा झाल्यास अनुवादकाला जे स्थळ थांबवील, ते म्हणजे पाढा. मराठी मूल दोनाचा पाढा ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ असा म्हणते. येथे ‘बे’ म्हणजे काय? मराठीत दोन या संख्येला ‘दोन’ म्हणतात. ‘बे’ हा शब्द गुजरातीत आजही चालू आहे, मराठीत तो पाढ्याबाहेर क्वचितच भेटतो. दोन्ही शब्द अखेरीस संस्कृत ‘द्वि’च्याच वंशातले, पण प्राकृतात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि पाढ्याच्या ठेक्याने एक जुना शब्द आपल्या पोटात जपून ठेवला. ‘त्रिक’, ‘चोक’, ‘पंचे’ यांचीही हीच कथा. म्हणजे मराठी पाढा हा मुळातच अर्धा पोपटपंचीचा विषय आहे. मराठी घरातील मूलही तो प्रथम मिठूसारखाच शिकते. ‘बे’ म्हणजे दोन हे त्याला मागाहून, आणि कित्येकदा कुणी न सांगताच, उमगते. हिंदी किंवा बंगाली मिठूपेक्षा मराठी मिठू म्हणूनच अधिक विनोदी होण्यास वाव आहे.

पोडातल्या मुलाचे काय होते ते आता पाहावे. त्याच्यासमोर ‘दोन’ही परका आणि ‘बे’ही परका. त्याच्या स्वतःच्या भाषेतील संख्यावाचकांचा इतिहासही मौजेचा आहे. कोलामीत एक ते चार या संख्यांचे शब्द मूळचे आहेत, तर पाच ते दहा या संख्यांचे शब्द तेलुगूतून उसने आलेले आहेत. याचा अर्थ असा की, कोलामी बोलणारी आजी आपल्या अंगणातील कोंबड्या मोजू लागली की पाचव्या कोंबडीला ती भाषेची सीमा ओलांडते, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. उसनवारी ही दारिद्र्याची खूण नव्हे, हे विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते. येथे एका कोंबडीने ते सिद्ध होते. मराठीतील संख्यांचीही गाडी सरळ नाहीच. ‘एकवीस’मध्ये एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असा पर्यायी मार्ग सुचविला, तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला हे सर्वांना स्मरत असेल. त्या वादात मराठीच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले. घरी मराठी नसलेल्या मुलाला काय सोपे जाईल, हा मुद्दा मात्र कडेला पडला.

कोलामी आणि गोंडी या भाषांत नामांचे व्याकरणिक वर्ग दोन: पुरुषांचा एक, आणि स्त्रिया व मनुष्येतर सारे मिळून दुसरा. ही वाटणी संख्यावाचकांतही उमटते. पुरुष मोजताना येणारे रूप कोंबड्या मोजताना येत नाही. मुलगा आणि मुलगी यांतील भेदाविषयीची मालिका या भाषांत आणताना अनुवादकाच्या हाती हा एक विलक्षण धागा लागतो. तो जपून वापरावा लागेल. व्याकरणातील लिंगव्यवस्थेवरून त्या समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी अनुमान काढण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तो सर्वथा टाळण्यासारखा आहे. मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून मराठी आईबाप मुलाला निर्जीव समजत नाहीत.

दुसरा शिफारस करण्याजोगा भाग म्हणजे ‘डिव्हायडिंग द मँगो’, अर्थात आंब्याची वाटणी. आंबा फोडला जातो, मोठा वाटा राजूला आणि धाकटा मीनाला. कारण विचारले तर राजू अधिक काम करतो, असे उत्तर मिळते. मग दोघे एका दिवसापुरती कामे बदलतात, आणि त्याबरोबर ताटेही बदलतात. राजूला दिवसभर घरची कामे करावी लागतात आणि संध्याकाळी ताटात पडतो तो मीनाचा वाटा. अदलाबदलीचा हा विनोद जगातील सर्व प्रहसनांना ठाऊक आहे. राजा आणि रंक, नवरा आणि बायको यांच्या कामांची उलटापालट लोककथांतून सर्वत्र सापडते. या भागाचे वेगळेपण असे की, त्यातील सारा विनोद ‘काम’ या एका शब्दाच्या अर्थावर तोललेला आहे. घरातील मोठी माणसे जेव्हा काम म्हणतात तेव्हा त्या शब्दाच्या कक्षेत गुरे चारणे येते, झाडणे आणि पाणी भरणे येत नाही. मराठीतही ‘ती काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर दिवसातून किती वेळा ऐकू येते! राजूची जी फजिती होते ती अंगमेहनतीने होते खरी, पण प्रेक्षकाला हसू येते ते एका शब्दाची व्याप्ती त्याच्या पाठीवर लादली गेल्यामुळे. अर्थविचाराच्या तासाला शब्दार्थाच्या संकोचाचे आणि विस्ताराचे उदाहरण म्हणून हा भाग दाखविता येईल.

राजूच्या स्वभावचित्रणाचाही येथे गौरव केला पाहिजे. त्याला दुष्ट केलेले नाही. मोठा वाटा त्याने मागितलेला नसतो, तो त्याच्या ताटात आयता पडत आलेला असतो. त्यामुळे त्याला हसताना प्रेक्षकातील मुलगे दुखावत नाहीत. महाराष्ट्रातील मंचाच्या नावात मीनाच्या बरोबरीने राजूलाही स्थान मिळाले, त्याचे समर्थन याच भागात सापडते.

तिसरा भाग ‘तीन इच्छां’चा. मीनाला स्वप्नात एक जिन भेटतो आणि तीन वर माग म्हणतो. अरबी कथांतील या मांडणीत नायक सोने मागतो, महाल मागतो, आणि अखेरीस फसतो. मीना काय मागते, तर सर्वांना शौचालय, स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सवय. एवढ्या प्रचंड शक्तीसमोर इतकी साधी मागणी ठेवावी, यातील विसंगती खरोखर हसविणारी आहे. पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्ध मात्र काहीसा घाईने आटोपलेला वाटतो, कारण स्वप्न संपले की कर्तव्य सुरू होते. तरीही खेड्यातील ज्या शाळेत नळाला पाणी नाही तेथे हा भाग दाखविला, तर मुलांच्या हसण्याचा सूर थोडा निराळा निघेल, हे दाखविणाऱ्याने लक्षात ठेवावे.

ज्यात धाकट्या राणीला अतिसार होतो आणि मीना शाळेत शिकलेल्या जलसंजीवनीने तिला वाचविते, त्या भागापासून मात्र आरंभ करू नये. त्याचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. पण आजारी बाळाच्या उशाशी बसून पोपटाने कितीसा विनोद करावा? मालिकेची पहिली ओळख या भागाने झालेला प्रेक्षक ती प्रचाराची आहे असे ठरवून उठून जाईल, आणि पुष्कळांचे तसेच झाले असावे.

विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना या मालिकेचा आणखी एक उपयोग सुचविण्यासारखा आहे. एकच गोष्ट अनेक भाषांत सांगवून घेऊन त्या भाषांची तुलना करावी, ही कल्पना नवी नाही. ग्रियर्सन यांनी आपल्या सर्वेक्षणासाठी बायबलमधील उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. ती पद्धत अनुवादाची असल्यामुळे मूळ वाक्यरचनेची छाया नमुन्यांवर पडली, हा तिचा दोष पुढे दाखविण्यात आला. १९७५ साली वॉलेस चेफ यांनी पेरूसारख्या नासपती या फळाची चोरी दाखविणारा एक छोटा बोलपट, खरे म्हणजे अबोलपट, तयार केला आणि तो निरनिराळ्या भाषिकांना दाखवून त्यांच्याकडून गोष्ट सांगवून घेतली. मर्सर मेयर यांच्या १९६९ सालच्या एका शब्दहीन चित्रपुस्तकातील हरवलेल्या बेडकाची गोष्टही अशीच जगभर फिरली. परंतु नासपतीची बाग किंवा बाटलीत पाळलेला बेडूक या वस्तू मारेगावच्या मुलाच्या अनुभवातल्या नाहीत. कोंबडी चोरीला जाणे ही त्याच्या अनुभवातली गोष्ट आहे. ‘कोंबड्या मोज’ हा भाग आवाज बंद करून कोलामी, गोंडी आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना दाखवावा आणि जो तो आपापल्या घरच्या भाषेत ती कथा घरच्याच माणसाला सांगेल अशी व्यवस्था करावी. पालकांची संमती घ्यावी. ही परीक्षा नाही असे मुलांना नीट सांगावे, नाहीतर शाळेच्या भाषेत उत्तरे येऊ लागतील आणि सारा उद्योग फुकट जाईल.

अशा सामग्रीत पाहावयाचे काय, याचे एकच उदाहरण पुरे आहे. दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करताना मराठी ‘म्हणून’ हा शब्द योजते: ‘येतो म्हणून सांगितले’. ‘म्हणणे’ या क्रियापदाच्या रूपाने उद्धरण बंद करण्याची ही रीत द्राविडी भाषांतही आहे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धान्त मांडल्यानंतर अशा समान विशेषांची जी चर्चा वाढत गेली, तीत या रचनेला मानाचे स्थान मिळाले. मराठी आणि द्राविडी भाषा जेथे एकाच बाजारात रोज एकमेकींना भेटतात, असे मारेगावसारखे ठिकाण या रचनेच्या अभ्यासाला उत्तम. आणि मिठूच्या गोष्टीत तर उद्धरण हेच कथानक आहे: शिक्षक बोलतात, ते मिठू बोलतो, ते मीना बोलते. ही गोष्ट सांगणाऱ्याला एकाच्या पोटात दुसरे असे बोलणे गुंफावेच लागते. कोलामीतून गोष्ट सांगणारे मूल या ठिकाणी पोहोचले की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहील तो असा की, मिठूने शाळेतून आणलेला पाठ कोणत्या भाषेत म्हणावा. निवेदन कोलामीत आणि पोपटाच्या तोंडी ‘बे एके बे’ असे झाले, तर त्या मुलाच्या मनात शाळेची भाषा कोठे बसली आहे, हे टिपणाऱ्याला ऐकावयास मिळेल. पोपट कोलामीत मोजू लागला, तर त्याने चारावर थांबून पाचाला कोणता शब्द वापरला, तेवढे नीट लिहून घ्यावे.